खो मिळण्याआधी

दादा नेमका गॅदरिंगच्या दिवशी आला. मार्केट यार्डात द्राक्षं उतरवून झाली, संध्याकाळच्या एस.टी.ला वेळ होता, म्हटलं बहिणीचं कॉलेज तरी बघावं, असं म्हणत तो वसतिगृहाच्या फाटकाशी उभा होता. काखेत माझ्यासाठी वेगळी काढलेली एक करंडी होती. मी त्याला हौसेने हॉलमध्ये घेऊन गेले, कारण त्या दुपारी बक्षीस समारंभ होता आणि आमच्या खो-खोच्या संघाला उपविजेतेपदाचा चषक मिळायचा होता. बहिणीला स्टेजवर बघून तो घरी चार चांगल्या गोष्टी सांगेल, एवढाच माझा हिशेब.

"पुढं नको, कुमे. मागं बसू," तो म्हणाला, आणि करंडी पायाशी घेऊन शेवटून दुसऱ्या रांगेत अंग चोरून बसला.

ही जानेवारी शहाऐंशीची गोष्ट. कॉलेज पुण्यातलं. नाव सांगत नाही. हल्ली त्यांनी एका भिंतीवर इंद्रधनुष्य रंगवून घेतलंय आणि दर वर्षी त्याच्यासमोर प्राचार्यांचा फोटो निघतो. त्यांच्या आनंदावर मी कशाला विरजण घालू.

दादाबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी पुण्यात होते ती त्याच्या शब्दावर. बी.एस्सी. झाल्यावर आबांनी माझ्यासाठी ओतूरचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करत आणलं होतं. दादा मध्ये पडला. पोरगी हुशार आहे, एम.एस्सी. करू दे, मी बघतो सगळं, असं म्हणाला. आबांनी बरेच दिवस त्याच्याशी अबोला धरला आणि शेवटी एका अटीवर मान्य केलं. पोरीचं नाव कुठे कानावर येता कामा नये. ज्या दिवशी येईल त्या दिवशी दादाने पुण्याला जाऊन तिला उचलून आणायचं आणि मिळेल त्या स्थळाला होकार कळवायचा. दादाने हे कबूल केलं होतं, माझ्यासमोर.

आता, नाव कानावर येण्यासारखं पुण्यात बरंच काही होतं. म्हणजे मंदा होती.

मंदाकिनी रेगे, सावंतवाडीची. वडील लहानपणीच गेलेले, आई मामाच्या घरी पाहुणीसारखी राहायची. मंदा भौतिकशास्त्राला, मी वनस्पतिशास्त्राला, आणि दोघी खो-खोला. ती पाठलाग करण्यात पटाईत. मी जास्त करून बसलेली. ज्यांनी हा खेळ शाळेनंतर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: आठ जणी ओळीने उकिडव्या बसतात, एकाआड एक उलट तोंड करून. नववी पळणारीच्या मागे धावते, आणि वाटेल तेव्हा बसलेल्या एकीच्या पाठीला हात लावून खो म्हणते. मग ही उठते आणि ती हिच्या जागी बसते. खो मिळेपर्यंत बसलेलीने जागचं हलायचं नाही. हलली तर फाउल. सगळा खेळ या एका शिस्तीवर उभा आहे, आणि तीच मला जमत नव्हती.

इतरांच्या बाबतीत जमायची. मंदा मागून आली की जमत नसे. तिची पावलं मला ओळखू यायची. तिचा श्वास जवळ आला की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची, आणि तिने हात लावायच्या आत मी उभी असायची. आमचे जगदाळे सर कपाळावर हात मारून घ्यायचे. बनकर, तुला कुणी बोलावलं का, मग उठतेस कशी, हे त्यांचं रोजचं. खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून मी मान खाली घालायचे. त्या डिसेंबरात अंतिम सामन्यात शेवटची पळणारी खांबाजवळ कोंडली गेली होती. मंदा मला ओलांडून तिच्यावर झेप घेणार होती. आणि मी उठले. फाउल झाला, मंदाला उलटं फिरावं लागलं, ती मुलगी निसटली आणि पहिला चषक दुसऱ्यांकडे गेला. संघातल्या मुली माझ्याशी दोन दिवस धड बोलल्या नाहीत. मंदा रागावली नाही. खोलीवर आल्यावर बूट काढता काढता फक्त म्हणाली, "मी तुला सोडून पुढे जात होते. तेवढं एकदा जाऊ द्यायचंस ना."

वसतिगृहात आमची खोली एक होती. आम्ही एकमेकींच्या होतो. यापेक्षा जास्त फिरवून सांगायची मला गरज वाटत नाही. तेव्हा या गोष्टीला आमच्याकडे धड शब्द नव्हता. जे होते ते शिव्या म्हणून वापरायचे, आणि तेसुद्धा पुरुषांसाठी. आमच्या वाट्याला शिवीही आली नव्हती.

पण कधीतरी येणार हे मंदाला ठाऊक होतं. तिने मला शपथ घालून ठेवली होती. काही बाहेर आलंच तर ती सगळं स्वतःवर घेणार. मी म्हणायचं, मला काही माहीत नाही, मी तर खोली बदलून मागणार होते. मला ओढून न्यायला कुणी येणार नाही, ती म्हणायची, तुला येतील, आणि एकदा नेलं की तू परत दिसायची नाहीस. मी शपथ घेतली होती. मला शिकायचं होतं, मला मंदा हवी होती, आणि ओतूरच्या त्या घरात डोक्यावर पदर घेऊन वावरायचं नव्हतं. या तिन्ही गोष्टी गप्प बसण्यावर अवलंबून होत्या.

तर आम्ही मागे बसलो आणि स्टेजवर फिशपॉन्ड सुरू झाले. हे काय असतं, दादाने विचारलं. मी समजावलं. आठवडाभर आधी एक पेटी ठेवतात. कुणीही कुणाच्याही नावाने त्यात टोमणा टाकायचा, यमक जुळलं तर उत्तम, आणि स्वतःचं नाव मात्र लिहायचं नाही. गॅदरिंगला तो सगळ्यांसमोर वाचतात. ज्याच्या नावाचा असेल त्याने हसत वर जायचं, देतील ती भेट घ्यायची, हसतच खाली यायचं. रडला तो हरला.

"आन् लिव्हणाऱ्याचं नाव?"

ते कधीच सांगत नाहीत, मी म्हणाले.

"मंग त्यात कसली मर्दुमकी," दादा म्हणाला, आणि करंडीतली दोन द्राक्षं तोडून मला दिली.

फिशपॉन्ड वाचत होता श्रीरंग टिपणीस. दर वर्षी तोच वाचायचा. आवाज रेडिओवर शोभेल असा, आणि आपण भलतेच दिलखुलास आहोत असा त्याचा स्वतःबद्दल समज. वर्गात डुलक्या काढणाऱ्या एका मुलाला त्याने बाळाची दुधाची बाटली दिली. प्रयोगशाळेत काचसामान फोडणाऱ्याला डिंकाची बाटली. एका जाड मुलीला लाकडी हत्ती दिला. ती हसत गेली, हसत आली, आमच्या पुढच्या रांगेत बसली, आणि मग ओढणीने हळूच डोळे टिपले. दादाने ते पाहिलं आणि चुळबुळ केली. आपल्या एस.टी.ची वेळ झाली का, असं त्याने मला विचारलं. अजून झाली नव्हती.

मग श्रीरंगने घसा साफ केला. आता जरा लग्नघरात जाऊ या म्हणाला, आणि नाव पुकारलं: कुमारी मंदाकिनी रेगे. पुढे वाचलं ते हे.

*खोलीमध्ये खाटा दोन, एक रिकामी का बरं?*
*मंदाकिनी, तुमच्यात नवरा कोण, ते सांग खरं.*

हॉलला आधी कळलंच नाही. मग पुढच्या रांगांना कळलं, आणि तिथून ते हसू एकेक रांग करत मागे आलं. दुसऱ्या खाटेवर आम्ही पुस्तकं रचून ठेवत होतो, हे वसतिगृहातल्या मुलीखेरीज कुणाला ठाऊक असणार नव्हतं. कुणी लिहिलं ते पुढे कळलं. तेही सांगत नाही. ती आता आजी झाली आहे आणि दिवाळीला मला फराळाचे फोटो पाठवते.

"रेगे म्हंजी तुझ्या खोलीवरली ना?" दादाने विचारलं.

मी हो म्हणाले. तो अजूनही स्टेजकडेच बघत होता. मग त्याने मान वळवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. मला वाटतं, त्याला तेव्हाच समजलं.

मंदा खेळाडूंच्या रांगेतून उठली. संघाचा पांढरा शर्ट, निळी पँट, पायात कॅनव्हासचे बूट. मैदानावर उतरावी तशी हात हलवत ती पायऱ्या चढली. कमिटीने भेट म्हणून तुळशीबागेतून मुंडावळ्या आणल्या होत्या, खोट्या मोत्यांच्या. एक नाही, दोन. श्रीरंगने त्यांतली एक तिच्या हातात दिली. इथे तिने हसायचं होतं आणि खाली यायचं होतं. तिने ती मुंडावळ उलटसुलट करून पाहिली आणि कपाळावर बांधली. आपली आपल्याला ती नीट बांधता येत नाही. एक बाजू कानावरून खाली लोंबत राहिली. गॅलरीतल्या मुलांनी शिट्ट्या मारल्या.

"आणि ही दुसरी कुणाची, मंदाकिनीबाई?" श्रीरंग उरलेली मुंडावळ माईकसमोर नाचवत म्हणाला. "जोडीदारणीला बोलवा की वर."

कुणीतरी मागून ओरडलं, नाव घ्या. लग्नात नव्या नवरीच्या मागे लागतात तसं. मग दुसरं कुणी ओरडलं, आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायला लागला, नाव घ्या, नाव घ्या. पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांनी एकमेकांशी काहीतरी महत्त्वाचं बोलायला सुरुवात केली. वसतिगृहाच्या रेक्टरबाई त्यांच्यातच होत्या. कुठल्या खोलीत कोण राहतं हे त्यांना तोंडपाठ असायचं. त्या खुर्चीत अर्ध्या वळून माणसं न्याहाळू लागल्या.

मंदाने माईक जवळ ओढला. ठेका थांबेपर्यंत ती थांबली.

"नाव कसलं घ्यायचं," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. "मी एकटीच आहे. दुसरीपण मलाच द्या."

हे बोलताना ती हॉलभर बघत होती. दाराकडे, पंख्यांकडे, गॅलरीकडे, सगळीकडे. फक्त आमच्या रांगेकडे बघत नव्हती. मी कुठे बसले होते ते तिला चांगलं माहीत होतं. आत येतानाच तिने मला हात केला होता. आणि तेव्हा मला कळलं ती काय करतेय. ती माझ्या पाठीमागून चालली होती, मला हात न लावता. मला सोडून पुढे जात होती. तेवढं एकदा मी जाऊ द्यायचं होतं.

दादाचा हात माझ्या मनगटावर आला. शेतकऱ्याचा जड हात, पण पकड जोराची नव्हती.

"कुमे, खाली बघ," तो पुटपुटला. "तुझं नाव कुणी घेतलं नाय. बसून राहा. संपंल आत्ता."

तो म्हणत होता ते सगळं खरं होतं. कुणी नाव घेतलं नव्हतं. आणखी थोडा वेळ बसून राहिले असते तर मंदा खाली आली असती, श्रीरंगने पुढचा टोमणा वाचला असता, दादा रात्री नारायणगावला पोचला असता आणि आबांना सांगितलं असतं की पोरगी ठीक आहे. माझी एम.एस्सी. वाचली असती. मला भीती वाटत होती हे कबूल करते. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. त्या मुलीच्या मांडीवरच्या लाकडी हत्तीचा राग, श्रीरंगच्या त्या गोड आवाजाचा राग, आणि सगळ्यात जास्त मंदाचा, की ही मला न विचारता एकटीच मुंडावळ बांधून उभी राहते.

मी दादाचा हात बाजूला केला आणि उठले.

हॉलच्या मधल्या वाटेने स्टेज बरंच लांब होतं. रेक्टरबाईंना हवी होती ती व्यक्ती सापडली, हे मला त्यांच्या शेजारून जाताना दिसलं. पायऱ्या चढले. मंदाने मला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा धीटपणा पार उतरला.

"जागेवर जा, कुमुद," ती ओठ न हलवता म्हणाली. "तू शपथ घेतलीयस."

मी ऐकलं नाही. श्रीरंगच्या हातातून दुसरी मुंडावळ घेतली. तो देईना, मी ओढली. मग मंदाकडे पाठ केली, मैदानात बसायचे तशी, आणि मुंडावळ कपाळाला लावून दोन्ही टोकं मागे धरली. ती घेईना. हॉलमध्ये आता कुणी ओरडत नव्हतं. माझे हात तसेच मागे. शेवटी तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिने टोकं घेतली आणि मानेवर गाठ मारली. पक्की मारली. ती अजूनही पक्की आहे.

मी माईकपाशी गेले.

"नाव घ्या म्हणत होतात ना," मी म्हणाले. "मी घेते. मंदाकिनी रेगे. आणि माझं नाव कुमुद लक्ष्मण बनकर, गाव नारायणगाव. कागदावर लिहिणाऱ्याने लिहिलं नसलं तरी आम्ही आमचं सांगतो. आणि नवरा कोण असं विचारलंय. आमच्यात नवरा कुणी नाही. त्याचीच तर मजा आहे."

वडिलांचं नाव घ्यायचं मी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं आणि निघून गेल्यावर मला बरं वाटलं.

मग गॅलरीतून एका मुलाने भसाड्या आवाजात शुभमंगल सावधान म्हटलं, आणि सगळ्यांना मोकळं हसायला कारण मिळालं. कार्यक्रमपत्रिका फाडून तिचे कपटे आमच्यावर फेकायला सुरुवात झाली. शेंगांची टरफलं आली, कुणी फुटाणे फेकले. टिंगलच होती ती, दुसरं काही नव्हतं. पण मंदाने माझ्याकडे बघितलं, मी मंदाकडे, आणि दोघींना एकदमच सुचलं. आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो आणि हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, नवरानवरी करतात तसा, आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग गॅलरीला. डोक्यावर अक्षता पडत होत्या. फेकणारे हळूहळू थांबले. आपण नेमकं काय करतोय हे बहुतेक त्यांच्याही ध्यानात आलं. तेवढ्यात प्राचार्यांनी कार्यक्रम बंद करायला लावला. चषक कुणालाच मिळाला नाही.

आमच्या लग्नाला हॉल भरून माणसं होती. एवढं मोठं लग्न आमच्या दोन्ही घरांत कुणाचं झालेलं नाही.

खाली आले तर दादाची खुर्ची रिकामी होती. करंडी तिथेच होती. तो मला फाटकाबाहेर चिंचेखाली सापडला.

"सामान भर," तो म्हणाला.

"नाय भरत."

"मी आबांला शब्द दिलाय."

"तू दिलायस, दादा. मी नव्हता दिला."

त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं. मुंडावळ तशीच होती, माझ्या ध्यानातही नव्हतं. ते काढ आधी, तो म्हणाला. मी काढली नाही. त्याने हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदाच. तो हात तसाच वर राहिला आणि मग त्याने त्याच हाताने स्वतःचे डोळे पुसले.

"मी तुझ्यासाठी भांडलो, कुमे. आबांशी कधी वर मान करून बोललो नव्हतो, ते तुझ्यापायी बोललो. तुझं नाव घेतलं नव्हतं कुणी. कोण आलं होतं तुला उठवायला?"

"कुणी नाय."

"मंग?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याला खो-खो कळत नव्हता.

"आबांला काय सांगू मी?"

"सांग, कुमुदचं लग्न झालं. मी हजर होतो."

तो वळला आणि एस.टी. स्टँडच्या दिशेने चालायला लागला. रिक्षा केली नाही. मी तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले. एकदा तरी मागे बघेल असं वाटत होतं. बघितलं नाही.

करंडी खो-खोच्या मुलींनी खोलीवर आणून दिली. आपसात काय बोलल्या असतील कोण जाणे, पण आल्या, दोन्ही खाटांवर बसल्या आणि द्राक्षं खाल्ली. तेच लग्नाचं जेवण. आठवड्याभरात रेक्टरबाईंनी आम्हाला वसतिगृहातून काढलं. पेठांमध्ये खोली शोधत फिरलो. दोघी बहिणी का, असं घरमालकीण विचारायची, मंदा नाही म्हणायची, आणि आम्ही पुढची खोली बघायला लागायचो. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी काही न विचारता किल्ली दिली. शिकवण्या करून एम.एस्सी. पुरी केली. आबांनी मला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ते गेले तेव्हा मला कुणी कळवलं नाही, आणि त्याचं दुःख मला आजही होतं. दादा कधी भेटायला आला नाही, कधी पत्र नाही, फोन नाही. फक्त पुढच्या जानेवारीपासून टेम्पोवाल्याच्या हातून द्राक्षांची एक करंडी येऊ लागली. अजून येते. कशाबद्दल ते त्याने कधी सांगितलं नाही. ती नेमकी गॅदरिंगच्या तारखेला येते.

गेल्या वर्षी विद्यापीठातली काही मुलंमुली आम्हाला शोधत घरी आली. शहरातल्या आमच्यासारख्या माणसांचा इतिहास गोळा करतायत. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माणसांना घेऊन हिंडतात, कुठे कोण भेटायचं, कुठे कुणाला हाकललं, कुठे कुणी ठाण मांडून बसलं, ते जागेवर उभं राहून सांगतात. त्यांच्या वाटेवर आमचा हॉल होता. तुम्ही आलंच पाहिजे म्हणाली. मंदाचे दोन्ही गुडघे बदललेत, तरी ती काठी घेऊन आली.

सांगणारा मुलगा तन्मय नावाचा, कानात छोटी बाळी, बोलण्यात जोश. हॉलच्या पायऱ्यांवर उभा राहून त्याने सगळी हकिकत रंगवली. मुंडावळ्या, शिट्ट्या, अक्षता, सगळं बरोबर सांगितलं. मग म्हणाला की मंदाताईंनी स्टेजवरून कुमुदताईंना साद घातली, आणि त्या भर हॉलमधून...

"चूक," मंदा म्हणाली.

तन्मय थांबला. सगळे वळून बघायला लागले.

"मी साद वगैरे काही घातली नव्हती. मी हिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. मी हिला सोडून पुढे चालले होते. खो न मिळता उठली ही. फाउल केला. जगदाळे सर असते तर बाहेर बसवलं असतं हिला."

मुलं हसली. त्यांना वाटलं, आजी गंमत करतायत. ती गंमत करत नव्हती. ते मला तिच्या काठीवरच्या हातावरून कळत होतं. मी बसून राहिले असते तर मला माहेर राहिलं असतं, आबांचं शेवटचं दर्शन झालं असतं, हे ती कधी विसरलेली नाही. चाळीस वर्षं ती माझ्या वतीने ते मोजत आली आहे.

तन्मयने विचारलं, कुमुदताई, तुम्हाला यावर काही सांगायचंय का.

"बसवू देत बाहेर," मी म्हणाले. "मी परत उठेन."